रोकडे मॅडमची सातप्रश्नी

रोकडे मॅडम हजेरी घ्यायला लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलंही 'हजर' म्हणायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. शेजारचा वर्ग माझा होता. मी अर्थशास्त्र शिकवायचो, त्या मानसशास्त्र शिकवायच्या, आणि मध्ये एक भिंत होती जी फक्त दिसायला भिंत होती. एका वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने मागणी-पुरवठ्याच्या उत्तरात स्वप्नं का पडतात ते लिहून ठेवलं. मी त्याला निम्मे मार्क दिले. बिचाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं होतं.

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात त्या आसनगावहून यायच्या, शहापूर-किन्हवली करत, एसटीने. गाडी फाट्यावर दिसायच्या आधी मॅडम ऐकू यायच्या, कारण कंडक्टरशी त्यांचं रोज काहीतरी चाललेलं असायचं. भांडण नव्हे, गप्पाच. पण मॅडमच्या गप्पा लांबून भांडणासारख्या वाटत आणि जवळून तर वाटतच. उंची बेताची, अंगावर कायम सुती साडी, आणि बारा महिने हातात काळी छत्री. छत्री उन्हापावसासाठी नव्हती, बोट दाखवण्यासाठी होती. पहिल्या बाकावरच्या मुलांना छत्रीचं टोक नाकासमोर आलं की आपलं नावसुद्धा आठवायचं नाही. मग मॅडम म्हणायच्या, "घाबरायचं काय त्यात?" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकून न घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, आवाज असा कसा कमावला म्हणून. सरळ नव्हे, जरा आडून. त्या म्हणाल्या, "सर, माझे वडील रेल्वेत गँगमन. आमचं घर रुळाच्या कडेला. दर थोड्या वेळाने गाडी. गाडी गेल्यावर बोलू म्हटलं असतं तर आमच्या घरात कुणी कुणाशी बोललंच नसतं. आई भाजीत मीठ किती ते मालगाडीच्या वरून सांगायची." मग म्हणाल्या, "आणि दुसरं असं की आमच्या वस्तीतलं हळू बोललेलं तालुक्याला ऐकू जात नाही. माझ्या बापाने आयुष्यभर हळू बोलून बघितलं." त्यानंतर मी त्यांच्या आवाजाबद्दल कुरकुर केली नाही. म्हणजे बाहेर केली नाही, मनात चालूच होती.

तर या बाईंनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि विषय घेतला लोकांच्या बुजरेपणाचा.

माणसांना माणसांचीच भीती वाटते, चारचौघांत जायचं म्हटलं की माणूस काढता पाय घेतो, हा म्हणे एक आजार असतो. तो कुणाला आहे ते ओळखायला परदेशात लांबलचक प्रश्नावल्या असतात. आता जो माणूस माणसांना घाबरतो तो तासभर कुणासमोर बसून प्रश्नांची उत्तरं कशाला देईल? म्हणून मग छोट्या चिठ्ठ्या निघाल्या. सात प्रश्न, आणि पुढे तीन उत्तरं: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. त्यांना अनुक्रमे शून्य, एक आणि दोन गुण. दोन मिनिटांत काम खलास. ही चिठ्ठी खेड्यात भरवशाची ठरते का, हे मॅडमना तपासायचं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही तिला 'सातप्रश्नी' म्हणायला लागलो.

"भरवशाची म्हणजे कशी?" मी विचारलं.

"वाण्याचा काटा बघितलाय ना? तोच गूळ आज ठेवला आणि तीन आठवड्यांनी ठेवला, तरी वजन तेच आलं पाहिजे. नाही आलं तर काटा खोटा."

"आणि मधल्या दिवसांत गुळाला मुंग्या लागल्या तर?"

"देसलेसर, तुम्ही अर्थशास्त्रवाले फार फाटे फोडता," म्हणून त्यांनी पहिली चिठ्ठी माझ्याच समोर ठेवली. मधल्या सुट्टीची वेळ. सगळे डबे उघडून बसलेले. मॅडम उभ्या राहून खणखणीत आवाजात विचारायला लागल्या, "अनोळखी माणसाशी बोलताना तुम्हाला भीती वाटते का? चारचौघांत बोलायची वेळ आली तर टाळता का? दुसऱ्यांच्या देखत जेवताना अवघडल्यासारखं होतं का?" इंग्रजीच्या कुलकर्ण्यांनी पेपर खाली घेतला. शिपाई पाण्याची घागर घेऊन दारातच थांबला. मी डब्याचं झाकण लावलं आणि सातही प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणून टाकलं.

"शून्य," मॅडमनी जाहीर केलं. एसटी स्टँडपर्यंत गेलं असेल. "सगळ्यांनी बघून घ्या. याला म्हणतात ठणठणीत माणूस."

ठणठणीत माणसाकडे स्कूटर होती आणि त्याला कुणालाही नाही म्हणता येत नव्हतं, त्यामुळे गावोगाव मॅडमना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. घरी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, "जा की. नाहीतरी रविवारी घरी कुणी आलं की तुम्ही परसात जाऊन बसता."

पहिल्या दिवसापासून प्रश्नांची फजिती सुरू झाली. तानसा धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर मॅडमनी एका घरच्या सुनेला विचारलं, "परक्या माणसासमोर जेवताना संकोच वाटतो का?" सून काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "परक्या मानसासमोर जेवंल कशाला ती? समद्यांचं झाल्यावर जेवतं." मॅडम म्हणाल्या, "समजा जेवली तर?" सासू म्हणाली, "मंग भीती तिला नाय वाटायची, मलाच वाटंल." याला चिठ्ठीत घर नव्हतं. कधीच नाही, कधी कधी की नेहमी, यावर मॅडम आणि मी स्कूटर चालू करेपर्यंत वाद घालत होतो.

दुसऱ्या गावात एक आजोबा भेटले. प्रश्न होता, सरकारी अधिकाऱ्यांशी बोलताना छातीत धडधडतं का. आजोबांनी मॅडमकडे दयेने बघितलं. "तलाठ्याशी ना? सातबारा त्याच्या हातात. धडधडत नाय तो येडा समजायचा." मॅडमनी 'नेहमी'वर खूण केली. आजोबा चिठ्ठीप्रमाणे आजारी ठरले. माझ्या मते त्या गावातला सगळ्यात शहाणा माणूस तो होता, पण मला विचारतो कोण.

मॅडमच्या गाईडसाहेबांना यातलं काही सांगून उपयोग नव्हता. ते मुंबईत असत. खेडं त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं. त्यांचं म्हणणं एकच, की प्रश्न बदलायचे नाहीत, फक्त पुन्हा तेच विचारायचे आणि आकडा काढायचा. मॅडमनी तसंच केलं. तीन आठवड्यांनी त्याच गावांत, त्याच घरांत, त्याच माणसांना. 'घाबरू नका, खरं सांगा' असं आधी दरडावून, छत्रीचं टोक चिठ्ठीवर टेकवून.

आणि आकडा असा आला की गाईडसाहेब खुर्चीतून उठले. ज्याने पहिल्यांदा 'नेहमी' म्हटलं त्याने दुसऱ्यांदा 'नेहमी'च म्हटलं. 'कधी कधी'वाला 'कधी कधी'वरच ठाम. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांची उत्तरं दोन वेळा जुळत नाहीत, आणि आमचे शहापूर-मुरबाडचे शेतकरी मात्र खांबासारखे जागच्या जागी. आणखी एक गोष्ट त्यात दिसत होती, की जवळपास सगळा मुलूख माणसांना भयंकर घाबरतो. गाईडसाहेबांना त्याचंही काही वाटलं नाही. ते म्हणाले, "मागास भाग आहे, असणारच." काटा पक्का निघाला होता. आता प्रबंध बांधायचा, तोंडी परीक्षा द्यायची आणि नावापुढे डॉक्टर लावायचं. गँगमनच्या मुलीच्या नावापुढे. मॅडमनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि म्हणाल्या, "वडील असायला पाहिजे होते." एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून हळू ऐकलं होतं तोवर.

आता मंजुळाबद्दल सांगितलं पाहिजे. किन्हवलीच्या अलीकडे एका गावात, आमच्या चिठ्ठीच्या घरांपैकी एका घरात, ही बाई. नवरा कल्याणला कंपनीत कामाला, रोजचा पास. हिची बारावी झालेली, घरी सासू आणि भाताचं शेत. आमच्या भागात तेव्हा एक संस्था बालवाड्या चालवायची आणि शिक्षिका नेमायच्या समितीवर मॅडम होत्या. मंजुळाने अर्ज केला होता. मॅडमनी समितीला सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण भित्री आहे. चौदापैकी तेरा. दोनदा तपासलंय, दोन्ही वेळा तेरा." कागदाला कोण नाही म्हणणार? दुसऱ्या कुणाची तरी नेमणूक झाली. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि गाईडसाहेबांना तर ही कल्पना इतकी आवडली की सेविका, शिक्षिका, परिचारिका, सगळ्यांच्या भरतीत ही चिठ्ठी लावावी असं पत्र त्यांनी वर पाठवायचं ठरवलं. मॅडमचा प्रबंध मंजूर झाला की लगेच.

हे सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मध्ये म्हशाची, म्हणजे मुरबाडजवळच्या म्हसा गावची, जत्रा आली.

म्हशाच्या जत्रेत मॅडम दरवर्षी घोंगडी घ्यायला जात. घोंगडीवाल्यांशी त्यांची घासाघीस ऐकायला लोक बैलबाजार सोडून येत. त्या वर्षी ऐन गर्दीत पुकाऱ्याचा कर्णा बंद पडला, आणि नेमके तेव्हाच एक आजोबा हरवले. त्यांच्या घरची माणसं रडकुंडीला आलेली. जत्रेच्या मंडळातला एकजण मॅडमचा जुना विद्यार्थी. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आता तुमीच." मॅडम बैलगाडीवर चढल्या आणि हरवलेल्या आजोबांच्या नावाने हाका मारायला लागल्या. दुपार कलली, ऊन उतरलं, मॅडम हाका मारतायत. बैल बिथरले, दोन सौदे मोडले, पण आजोबा काही येईनात. शेवटी ते मॅडमच्या गाडीच्या मागेच उसाचा रस पीत बसलेले सापडले. ठार बहिरे होते. हे घरच्यांनी आधी सांगायला हवं होतं, पण घाईत राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा आवाज बंद. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द जोरात काढायचा नाही. कॉलेजात विलक्षण शांतता पसरली. माझ्या वर्गातल्या मुलांना पहिल्यांदाच माझा आवाज ऐकू आला. त्यांची निराशा झाली.

नेमकं तेव्हाच गाईडसाहेबांचं फर्मान आलं. थोड्या घरांत तिसऱ्यांदा विचारून घ्या, म्हणजे परीक्षकांची तोंडं बंद होतील. थांबायला वेळ नव्हता. मॅडम छत्री न घेता माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही मंजुळाच्या गावी गेलो.

मी नेहमीप्रमाणे ओट्याच्या कडेला बसलो. मॅडमनी मंजुळाला जवळ बोलावून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजत पहिला प्रश्न विचारला. मंजुळाही कुजबुजली. "मॅडम, तुमचा आवाज गेला काय?" मॅडमनी मान हलवली. सासूने आतून कुजबुजत विचारलं, "काय झालं गो?" शेजारच्या दोघी आल्या, त्याही कुजबुजायला लागल्या. समोरचा माणूस हळू बोलायला लागला की सगळेच हळू बोलतात आणि जवळ सरकतात. थोड्याच वेळात ओट्यावर बायकांचा असा घोळका बसला होता जसा कुणाच्या तरी लग्नाची आतली बातमी फुटल्यावर बसतो.

मंजुळा आत गेली आणि मूठभर खडीसाखर घेऊन आली. "ही धरा तोंडात. विरघळंपर्यंत बोलायचं नाय. मला ठावं हाय तुमचे प्रश्न, मीच सांगते."

आणि ती सांगायला लागली. मॅडमच्या तोंडात खडीसाखर, त्यामुळे इलाज नव्हता. मंजुळा म्हणाली, "अनोळखी मानसाची भीती कसली? मागल्या उन्हाळ्यात हीर आटली, धरणाचं पाणी जातंय मुंबईला, आमी हंडे घेऊन बीडीओच्या हापिसात बसलो. तितं बोललं कोन? मीच बोलले. साहेब म्हनला उद्या या. मी म्हटलं, उद्या येतो, पन आज आमी जात नाय." बायका हसल्या. मॅडमनी चिठ्ठीकडे बोट केलं, मग दोनदा 'नेहमी' का? मंजुळाने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "सांग गो. त्यांना आता वरडता यायचं नाय."

"तुमी म्हनला, 'भीती वाटते ना?' मला वाटलं मॅडमना हो पायजे. शिकलेल्या बाईला तोंडावर नाय कसं म्हनायचं? आनि दुसऱ्यांदा तुमी येनार कळलं तवा आमी समद्या इतंच ओट्यावर बसलो आनि मागलं आठवलं. हिनं काय सांगलं, तिनं काय सांगलं. एकमेकीचं पाठ केलं. मॅडमना दोन बोलनं चालत नाय." मग ती मॅडमच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "राग नका मानू. आमाला बीडीओची भीती नाय वाटत. तुमची वाटते."

मॅडमच्या तोंडात खडीसाखर तशीच होती. त्यांनी ती चावलीसुद्धा नाही. नंतर मंजुळा पुष्कळ बोलली, बालवाडीचं बोलली, पोरांना शिकवायला गाणी जुळवली होती ती म्हणून दाखवली, आणि त्या बालवाडीसाठी आपल्याला का नाही घेतलं ते कळलं नाही असंही बोलली. मला ओट्याच्या कडेला बसवेना. मॅडम मात्र शेवटपर्यंत ऐकत बसल्या. चिठ्ठीचं काम दोन मिनिटांचं होतं, उठलो तेव्हा गुरं घरी आली होती.

परतताना ओढ्यावरच्या मोरीपाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटून स्कूटर थांबवायला लावली. उतरून समोर येऊन कुजबुजल्या, "देसलेसर, मी ओरडते का हो?"

इतकी वर्षं सगळी स्टाफरूम या प्रश्नाची वाट बघत होती. मी म्हटलं, "थोडंसं."

"मग सांगितलं का नाही कधी?"

मी स्कूटरला किक मारली. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मोरीवर उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

राहिलेली घरं आम्ही त्याच आठवड्यात केली, कुजबुजत. सगळीकडे तीच तऱ्हा. आजारी माणसं पटापट बरी होत होती. आकड्याचा पार चुराडा झाला. गाईडसाहेबांनी तो पाहिला आणि शांतपणे बाजूला ठेवला. म्हणाले, "आवाज बसलेला असताना घेतलेली माहिती धरत नाहीत. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम आहेत, तेवढ्याच ठेवा. तिसरीचा उल्लेख करायचा नाही." मॅडमनी कॉलेजात येऊन हे सांगितलं तेव्हा आवाज परत आला होता, तरी त्या हळूच बोलत होत्या. प्राचार्य म्हणाले, "ऐका त्यांचं. डॉक्टर व्हा आधी, मग काय खरं बोलायचं ते बोला." सगळ्यांचं तेच मत पडलं. माझंही पडलं, कारण सगळ्यांचं पडलं होतं.

तोंडी परीक्षेला आम्ही सगळे मुंबईला गेलो. सभागृह भरलेलं दिसावं लागतं आणि नंतर बटाटेवडा असतो. मॅडम छान बोलल्या. गाईडसाहेब माना डोलवत होते. बाहेरून आलेले परीक्षक पेंगुळलेले, त्यांनी घड्याळाकडे बघून शेवटचा रिवाजाचा प्रश्न टाकला, "या संशोधनात काही उणीव राहिली असं तुम्हाला वाटतं का?" याचं उत्तरही रिवाजाचं असतं. वेळ कमी पडला, नमुना आणखी मोठा हवा होता, धन्यवाद. गाईडसाहेबांनी तर वह्या गोळा करायला घेतल्या होत्या.

मॅडमनी हातातला प्रबंध टेबलावर ठेवला. मग रुळाकडेच्या घरातला तो आवाज सभागृहात सुटला. "उणीव आहे सर. उणीव म्हणजे मी. दोन्ही वेळा वजन सारखं आलं, कारण दोन्ही वेळा काट्यावर मीच बसले होते. गूळ कुणी ठेवलाच नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करतायत. मग मॅडमनी तिसरी फेरी सांगितली, मंजुळा सांगितली, तिची गेलेली नोकरी सांगितली, ओट्यावरचं पाठांतर सांगितलं. हसू हळूहळू थांबलं. परीक्षक आता पुरते जागे झाले होते. गाईडसाहेब छताकडे बघत होते, तिथे पंखा होता.

प्रबंध परत आला. दुसऱ्यांकडून प्रश्न विचारून घ्या आणि पुन्हा आणा, असा शेरा होता. मॅडमनी तेही केलं. कॉलेजातले चार प्राध्यापक चार दिशांना पाठवले, त्यांची उत्तरं चार तऱ्हांची आली. कुलकर्ण्यांना तर एका गावात सगळ्यांनी 'कधी कधी' सांगितलं, कारण ते मधलं होतं आणि मधलं सांगितलं की कुणाचा राग होत नाही. मॅडमनी जसं आलं तसं लिहून पाठवलं. गाईडसाहेबांनी उत्तर देणं बंद केलं. भरतीत चिठ्ठी लावायचं ते पत्रही वर गेलं नाही. पुढे कॉलेजच्या नावांच्या फळ्यावर रंगारी येऊन एकेकाच्या नावापुढे 'डॉ.' रंगवून गेला, कुलकर्ण्यांच्याही. रोकडे मॅडम 'प्रा.'च राहिल्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मॅडम त्या फळ्याखालून जाताना वर बघत नसत, एवढंच मी सांगू शकतो.

मंजुळाचं म्हणाल तर पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली तेव्हा मॅडम समितीसमोर उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी त्यांनी आवाज अजिबात आवरला नाही. मंजुळाला घेतलं.

आणि मॅडमच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी आली. वर्गात त्या होत्या तशाच होत्या, शेजारचा माझा वर्ग मानसशास्त्रच शिकत राहिला. पण कुणी विद्यार्थी काही सांगायला आला, की मॅडम आधी एक खडा तोंडात टाकत आणि गाल फुगवून बसत. खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. मुलं पहिल्यांदा बिचकायची, मग बोलायची. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावरून पुष्कळ थट्टा केली. आम्हाला दुसरं येत काय होतं?

मी निवृत्त झालो, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुमन गेली. लोक भेटायला यायचे. शेजारी, नातलग, कॉलेजातले. सगळ्यांचे प्रश्न तेच. जेवता ना नीट? झोप लागते ना? मुलगा फोन करतो ना? फिरायला जाता ना? मी सगळ्यांना तेच उत्तर दिलं, 'ठीक आहे'. पहिल्या दिवशी तेच, महिन्याने तेच. लोक दोन मिनिटांत समाधानाने उठायचे. दाराशी एकमेकांना सांगायचे, सावरले हं देसले. आकडा काढला असता तर गाईडसाहेब पुन्हा खुर्चीतून उठले असते.

मग एका दुपारी रोकडे मॅडम आल्या. केस पांढरे झाले होते, छत्री तीच वाटली. सुमनच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, खुर्ची ओढून माझ्या जवळ बसल्या, पर्समधून पुडी काढली आणि एक खडा तोंडात टाकला. काही विचारलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, ठीक आहे. गाल फुगलेलाच.

मग मी बोलायला लागलो. म्हटलं, मॅडम, दाराची कडी वाजली की मी आतल्या खोलीत जातो. पूर्वी सुमन उघडायची. फोन तीच घ्यायची. लग्नाला गेलो तर ती पुढे असायची, मी तिच्या मागे, आणि पंगतीत कुणी समोर बसलं तर मला घास गिळवायचा नाही, मी अर्धपोटी उठायचो, घरी आल्यावर ती पिठलं टाकून द्यायची. पेन्शनच्या कागदासाठी बँकेत जायचं आहे, तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो, साहेबांशी बोलायचं कसं. वर्गातसुद्धा, इतकी वर्षं, मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो, मुलं बघतायत म्हटलं की माझा हात चुकायचा. सगळ्यांना वाटतं मी शांत माणूस आहे. मी शांत नाही. मी घाबरतो. आता पुढे उभं राहायला कुणी नाही.

मॅडमनी दुसरा खडा तोंडात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी रडत होतो, आणि कुणासमोर तरी रडतोय याची मला लाज वाटली नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सातप्रश्नी पुरी झाली आहे. स्टाफरूममध्ये शून्य आला होता. आज एकही प्रश्न न विचारता चौदापैकी चौदा.

निघताना त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. "उद्या अकराला येते. बँकेत जाऊ. तुम्ही बोलायचं, मी खडीसाखर खाणार," एवढंच म्हणाल्या, हळू. मी होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आम्ही गेलो, मी साहेबांशी बोललो. पुढे त्या बहिणीकडे नाशिकला राहायला गेल्या, आमची भेट झाली नाही. पण मला मॅडम दिसतात त्या पहिल्या दुपारच्याच.

त्या दुपारी फाटक लागल्याचा आवाज आला, आणि लगेच गल्लीत त्या सहा आसनी रिक्षावाल्यावर कडाडल्या, किन्हवली फाट्याचे इतके पैसे कसले मागतोस रे म्हणून. झोपलेली कुत्री उठली. समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. रिक्षावाला काहीतरी पुटपुटला, त्यावर मॅडम म्हणाल्या, "मोठ्याने बोल की. घाबरायचं काय त्यात?"

मी दारात उभा राहून ऐकत होतो. मला फार बरं वाटलं.